गांजा, गोळ्या आणि स्मरणशक्ती : गेलेलं परत येतं का?

निशिगंध_बार्शी :
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ, वय २४, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करतो. या दिवाळीत घरी आला तेव्हा वेगळाच वाटला. सांगितलेलं काम विसरायचा, बोलता बोलता वाक्य अर्धं सोडायचा आणि आपण काय म्हणत होतो ते मलाच विचारायचा. आम्ही दोघंच असताना मी विषय काढला, तेव्हा त्याने स्वतःहून सगळं सांगितलं. रात्री अभ्यासिकेतून आल्यावर मित्रांबरोबर गांजा, दीड-दोन वर्षं, जवळपास रोज.

त्याचं एक बोलणं माझ्या मनातून जात नाही. "ताई, राज्यघटनेची कलमं मला तोंडपाठ होती. आता सकाळी वाचलेलं संध्याकाळी आठवत नाही. डोकं गेलंय ते गेलंय, आता सोडून तरी काय उपयोग?"

नेटवर शोधलं की निम्मे म्हणतात वनस्पती आहे, काही होत नाही, आणि निम्मे म्हणतात मेंदू कायमचा निकामी होतो. मला त्याला खोटा धीर द्यायचा नाही आणि खोटी भीतीही घालायची नाही. त्याच्या खोलीतले दोघे एमडी नावाचा अमली पदार्थ घेतात, कुणीतरी झोपेच्या गोळ्याही आणतं म्हणे. ज्यांना माहिती किंवा अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. आईबाबांना अजून काही माहीत नाही.

सुरंगी :
त्याने तुम्हाला सांगितलं, हे फार मोलाचं आहे. त्याला न विचारता आईबाबांच्या कानावर घालू नका. आत्ता तुमच्यावर आहे तो विश्वास टिकायला हवा. बाकी जाणकार लिहितीलच. वाचते आहे.

कृष्णाकाठ :
मी मनोविकारतज्ज्ञ आहे, सांगली-मिरज भागात काम करते. तपासल्याशिवाय तुमच्या भावाबद्दल ठाम काही बोलणार नाही. पण "सोडून काय उपयोग" या प्रश्नावर चांगलं संशोधन झालेलं आहे, आणि उत्तर बरंचसं आशेचं आहे.

आधी आठवण बनते कशी ते पाहू. कानशिलांच्या आत, मेंदूच्या दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. आज काय घडलं, काय वाचलं, कोण भेटलं हे नव्याने साठवायला तो लागतो. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलाइसन या तरुणाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून शस्त्रक्रियेत दोन्हीकडचा हा भाग बराचसा काढला गेला. त्याची बुद्धी शाबूत राहिली, लहानपण आठवत राहिलं, पण २००८ मध्ये तो वारला तोपर्यंत नव्या घटनांची आठवण जवळजवळ बनलीच नाही. स्मृतीबद्दल आज आपल्याला जे कळतं त्यातलं पुष्कळसं या एका माणसामुळे कळलेलं आहे.

गांजातलं नशा आणणारं रसायन म्हणजे टीएचसी. ते ज्या सीबी-१ रिसेप्टरवर (पेशींवरच्या, ठरावीक रसायन धरणाऱ्या जागा) जाऊन बसतं, ते हिप्पोकॅम्पसमध्ये दाटीने असतात. शरीर स्वतः बनवतं ती तशी रसायनं तिथे गरजेपुरती येतात आणि लगेच विरतात. टीएचसी तासन्‌तास बसून राहतं. प्रयोगात असं दिसतं की आधी शब्दांची यादी पाठ केली आणि मग टीएचसी दिलं, तर यादी बऱ्यापैकी आठवते. क्रम उलटा केला, म्हणजे आधी टीएचसी आणि मग यादी, तर आठवण लक्षात येण्याइतकी कमी होते. जुनं पुसलं जात नाही, नवं नीट उतरत नाही. तुमच्या भावाची कलमं बहुधा जागेवर आहेत. अडचण गेल्या दोन वर्षांत वाचलेल्या भागाची असणार.

आता मुख्य मुद्दा. २००१ मध्ये हॅरिसन पोप यांच्या गटाने, आयुष्यात किमान ५,००० वेळा गांजा ओढलेल्या लोकांना २८ दिवस पूर्ण बंद ठेवून तपासलं. पहिल्या दिवशी आणि सातव्या दिवशीही शब्दांच्या चाचणीत ते मागे होते. २८ व्या दिवशी न ओढणाऱ्यांच्या तुलनेत म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता. २०१८ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १६ ते २५ वयाच्या ८८ जणांवर अभ्यास झाला. काहींना महिनाभर बंद ठेवलं, लघवी तपासून खात्री केली, काहींना चालू ठेवू दिलं. बंद ठेवलेल्यांची नवं शिकण्याची क्षमता सुधारली, आणि त्यातली बरीचशी सुधारणा पहिल्याच आठवड्यात दिसली.

सगळं शंभर टक्के भरून येतं असं मी म्हणणार नाही. २०१२ च्या एका पेट स्कॅनच्या (मेंदूचं चित्र घेणाऱ्या तपासणीच्या) अभ्यासात रोज ओढणाऱ्यांमध्ये सीबी-१ रिसेप्टर कमी झालेले दिसले. साधारण ४ आठवडे बंद ठेवल्यावर बहुतेक भागांत ते पूर्ववत झाले, हिप्पोकॅम्पसमध्ये मात्र तेवढ्या काळात झाले नाहीत. शाळकरी वयात सुरू केलं असेल तर माझी काळजी वाढते, कारण मेंदूची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. २२ व्या वर्षी सुरू करून २४ व्या वर्षी थांबणाऱ्या मुलाला "डोकं गेलं" असं सांगणारा माणूस त्याचं नुकसान करतो आहे. मुलं हे ऐकतात आणि सोडण्याचा विचारच सोडून देतात. हे मी ओपीडीत वारंवार पाहते.

रोखठोक_नागपुरी :
मी वेगळं मत मांडतो. आमच्या घरी महाशिवरात्रीला भांग होते. माझे आजोबा दरवर्षी घ्यायचे, आणि ऐंशी पार केल्यावरही गावातल्या अर्ध्या घरांची वंशावळ त्यांना पाठ होती. १८९३-९४ मध्ये ब्रिटिशांनी इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं, हजाराहून जास्त साक्षी घेतल्या आणि म्हटलं की माफक सेवनाने मनावर वाईट परिणाम होत नाही. वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी तपासल्या तेव्हा कळलं की कारण ठाऊक नसलं की नीट चौकशी न करताच गांजा लिहिला जायचा. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत आजही नुसती पानं, ज्यांची भांग होते ती, येत नाहीत. इतक्या जुन्या गोष्टीवर एवढी भीती कशासाठी?

आकडेमोड :
रोखठोक, कमिशनबद्दल तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे, आणि इस्पितळांच्या नोंदींचा मुद्दा तर फार महत्त्वाचा आहे. पण त्याच अहवालात अतिसेवनाने अपाय होतो असंही म्हटलं आहे. वर्षातून एकदा पोटात गेलेली भांग आणि रोज रात्री फुफ्फुसात ओढलेला गांजा यांना एकच माप लावता येत नाही. धूर काही मिनिटांत मेंदूत पोचतो, आणि रोज घेतलं तर टीएचसी चरबीत साठत जातं.

लोकांवर दीर्घकाळ लक्ष ठेवून झालेले अभ्यास एका सुरात बोलत नाहीत, म्हणून नीट सांगतो. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा माग घेतला गेला. २०१२ मध्ये निष्कर्ष आला की किशोरवयात सुरू करून पुढे सलग व्यसन राहिलेल्यांचा बुद्ध्यांक १३ ते ३८ या वयात ८ गुणांपर्यंत घसरला. मोठेपणी सुरू केलेल्यांत तशी घसरण दिसली नाही. मग २०१६ मध्ये अमेरिकेतल्या जुळ्यांचा अभ्यास आला. गांजा ओढणारं भावंड आणि न ओढणारं भावंड यांच्या बुद्ध्यांकाच्या घसरणीत लक्षणीय फरक सापडला नाही. म्हणजे घरची परिस्थिती, शाळा सुटणं, सोबतची दारू यांचाही वाटा असू शकतो.

त्याच वर्षी कार्डिया या अमेरिकी अभ्यासातून तीन हजारांहून जास्त लोकांची २५ वर्षांची माहिती आली. बाकी घटक वजा केल्यावरही एक गोष्ट टिकली, ती शब्द लक्षात ठेवण्याची. रोजच्या सेवनाच्या दर ५ वर्षांमागे, सरासरीने दोघांपैकी एकाला १५ शब्दांतला एक शब्द कमी आठवत होता. आकडा लहान आहे. पण स्पर्धा परीक्षेत कटऑफ एकेका गुणाने चुकतो, आणि तिथे हा एक शब्द लहान राहत नाही.

औषधालय_नाशिक :
मी फार्मासिस्ट आहे. गांजाचीच चर्चा चालली आहे, पण स्मरणशक्तीवर सगळ्यात थेट घाव झोपेच्या गोळ्यांचा असतो आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. मालेगावकडे अल्प्राझोलमला कुत्ता गोळी म्हणतात, संभाजीनगरकडे नायट्राझेपाम बटन म्हणून विकली जाते. दोन्ही बेंझोडायझेपिन गटातल्या. याच गटातलं मिडाझोलम दवाखान्यात एंडोस्कोपीआधी टोचतात, आणि तपासणीतलं नंतर काही आठवत नाही हा त्याचा एक हेतूच असतो. याच गटातल्या गोळ्या मूठभर, वर दारू, अशा घेतल्या की माणूस चालतो, बोलतो, भांडतो, गाडी चालवतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला त्यातलं काही माहीत नसतं. नुसत्या गोळीपेक्षा गोळी आणि दारू एकत्र फार धोक्याची, त्यात श्वासही मंदावतो.

या गोळ्या शेड्यूल एच-वनमध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, विकल्यावर रजिस्टरला नोंद करावी लागते आणि ते तीन वर्षं जपावं लागतं. हा नियम २०१४ पासून आहे. पाळला जातो तिथे फरक पडतो, हे मी स्वतःच्या काउंटरवर पाहतो.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. बरेच दिवस रोज घेतलेली बेंझोडायझेपिन एकदम बंद करायची नसते. फिट येऊ शकते. डॉक्टर हळूहळू डोस उतरवतात. त्या खोलीतलं कुणी या गोळ्या घेत असेल तर त्याला हे आजच सांगा.

मांडवीकाठ :
पणजीहून. आमच्याकडे सीझनमध्ये जे दिसतं त्यात दारूचा वाटा सगळ्यात मोठा, म्हणून तीही या धाग्यात यायला हवी. दारू कायदेशीर आहे म्हणून लोक तिला नशेत मोजतच नाहीत. थोड्या वेळात भरपूर दारू पोटात गेली की रक्तातलं प्रमाण झपाट्याने चढतं आणि हिप्पोकॅम्पस नोंद घेणं थांबवतो. बेशुद्ध पडणं वेगळं, हे वेगळं. माणूस जागा असतो, बिल भरतो, घरी फोन करतो, पण तास-दोन तास कोरे जातात. मित्रांनी कितीही आठवण करून दिली तरी ते परत येत नाहीत. कॉलेजातली मुलं हे हसत हसत सांगतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. त्या कोऱ्या तासांत काय घडलं हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं, आणि मुलींच्या बाबतीत तर त्याचा अर्थ फार भयंकर असू शकतो.

वर्षानुवर्षं पिणाऱ्यात बी-१ जीवनसत्त्व संपत जातं आणि कोर्साकॉफचा आजार होतो. रशियन डॉक्टर सर्गेई कोर्साकॉफ यांनी १८८७ पासून त्याचं वर्णन केलं. असा रुग्ण आठवणीतल्या मोकळ्या जागा न घडलेल्या गोष्टींनी भरतो, आणि त्याला त्या खऱ्याच वाटत असतात. बी-१ ची इंजेक्शनं वेळेवर मिळाली तर पुढचं नुकसान टळतं. उशीर झाला तर थोड्याच जणांची आठवण पूर्ण परत येते.

पार्ट्यांत केटामाइनही असतं. ते भुलीचं औषध आहे. आठवण पक्की व्हायला लागणारे एनएमडीए रिसेप्टर ते अडवतं. ब्रिटनमध्ये नेहमी घेणाऱ्यांवर वर्षभर लक्ष ठेवलं तेव्हा त्यांची स्मृती आणखी उतरलेली दिसली. मूत्राशयाची हानी होते ती वेगळीच.

पुन्हा_उभा :
नेहमीच्या आयडीने लिहीत नाही, समजून घ्या. मी एमडी घेत होतो. आता बंद आहे.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. २०१५ पर्यंत ते एनडीपीएसच्या यादीत नव्हतं, मुंबईत म्याऊ म्याऊ या नावाने सर्रास मिळायचं. आता यादीत आहे, तरी २०२४ मध्ये कुरकुंभच्या कारखान्यातून किती माल निघाला ते पेपरांत सगळ्यांनी वाचलं. गांजासारखं ते आळसावत नाही, उलट जागवतं. दोन-दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, मग दिवसभर मेल्यासारखी झोप. आठवणीचं नुकसान दोन्हीकडून होतं. औषधाने होतं, आणि झोपेत दिवसभराचं जे पक्कं व्हायचं तेही होत नाही.

माझ्या बहिणीच्या लग्नात मी होतो. व्हिडिओत मी पंगतीत जिलबी वाढतो आहे, आत्याशी बोलतो आहे. मला यातलं काहीही आठवत नाही. बरा झालो तेव्हा वाटलं होतं की हळूहळू येईल. व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरांनी समजावलं की ते तेव्हा साठलंच नाही, त्यामुळे यायला काही नाही. हे स्वीकारायला मला फार त्रास झाला, अजून होतो.

पण डोकं परत आलं, निशिगंधताई. हे तुमच्या भावाला माझ्या शब्दांत सांगा. सुरुवातीला पेपरातली एक बातमी शेवटपर्यंत वाचेतो तिची सुरुवात हरवायची. केंद्रात रोज रात्री दिवसभराचं लिहून काढायला लावायचे. पहिल्या पानांवर चार ओळीसुद्धा जमलेल्या नाहीत. काही महिन्यांनी तीच वही पानं भरून गेली. आता मी हिशेब बघतो, जीएसटीच्या तारखा डोक्यात असतात. सगळं पूर्वीसारखं झालं का? नावं अजून पटकन येत नाहीत. बाकी आलं.

कृष्णाकाठ :
पुन्हा_उभा, तुम्ही हे लिहिलंत, खरंच आभार. मेफेड्रोनवर फार अभ्यास नाहीत. लंडनमध्ये २० वापरकर्त्यांना नशेत असताना आणि नसताना तपासलं होतं. ऐकलेली गोष्ट परत सांगायला लावली तर नशा नसतानाही ते इतरांपेक्षा मागे होते. तुमच्या बातमीच्या अनुभवाशी हे जुळतं.

आकडेमोड :
+१. खोट्या भीतीबद्दल एक उदाहरण नोंदवतो. २००२ मध्ये सायन्स या नियतकालिकात शोधनिबंध आला की एका रात्रीत घेतात तेवढ्या एक्स्टसीने (पार्ट्यांत घेतली जाणारी नशेची गोळी) माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींना जबर इजा होते. जगभर मथळे झाले. पुढच्या वर्षी निबंध मागे घ्यावा लागला. बाटल्यांवरची लेबलं चुकली होती आणि माकडांना मेथॅम्फेटामिन हे वेगळंच अमली द्रव्य दिलं गेलं होतं. एक्स्टसीने आठवण बिघडत नाही असा याचा अर्थ नाही. जास्त घेणाऱ्यांत शब्दस्मृती कमी दिसते, हे बऱ्याच अभ्यासांत आलं आहे. पण मुलांना अतिरंजित सांगितलं आणि ते खोटं निघालं, की पुढचं खरंही ती ऐकत नाहीत.

निशिगंध_बार्शी :
सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा मी त्याला पाठवला आणि त्याने तो पूर्ण वाचला. २८ दिवसांचं वाचून म्हणाला, "एवढंच असेल तर करून बघतो." आता पुढचे प्रश्न. बंद केल्यावर त्याला काय काय होईल? ब्राह्मी, शंखपुष्पी वगैरे द्यावी का? आणि डॉक्टरकडे गेलं तर पोलिसांचं लचांड मागे लागेल का, याची त्याला फार भीती आहे. सरकारी नोकरीचा प्रश्न आहे.

वकील_कोल्हापूर :
कायद्याचं सांगते. उपचार मागणं हा गुन्हा नाही, आणि रुग्णाने सांगितलेलं गुप्त ठेवणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे. एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ खाली सेवन हा गुन्हा आहे, गांजासाठी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कलम ६४-अ मध्ये तरतूद आहे की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वेच्छेने सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार मागितले, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. भीतीपोटी उपचार टाळण्यापेक्षा उपचार घेण्यातच त्याची कायदेशीर बाजू भक्कम होते. आणि खोली बदला. ज्या खोलीत एमडी सापडेल तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं.

सुरंगी :
केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही मोफत. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहेच.

कृष्णाकाठ :
निशिगंध, बंद केल्यावर एक-दोन दिवसांत चिडचिड, बेचैनी, भूक कमी होणं, झोप न लागणं सुरू होतं. पहिल्या आठवड्यात जोर असतो, दोन-तीन आठवड्यांत बहुतेक ओसरतं. स्वप्नं खूप आणि विचित्र पडतात, कारण गांजाने दाबलेली स्वप्नांची झोप उसळून वर येते. ती घाबरण्याची गोष्ट नाही. नेमकं याच दिवसांत मुलांना वाटतं की बंद करून डोकं आणखीच चालेना, आणि ती परत ओढतात. हे त्याला आधीच सांगून ठेवा. झोप अगदीच नसेल तर माझ्यासारख्या कुणाला तरी दाखवा, मित्राकडची गोळी घेऊ नये.

ब्राह्मीने नुकसान भरून निघतं असा आधार मला माहीत नाही. तो पैसा मेसच्या चांगल्या डब्यावर खर्च करा. नैराश्य आहे का, हे मात्र तपासून घ्या. नैराश्यातही आठवण कमी होते, आणि कित्येक मुलं त्यावर उतारा म्हणूनच ओढायला लागलेली असतात. सुरुवातीला आणि महिन्याभराने १५ शब्दांची यादी पाच वेळा वाचून, काही वेळाने परत विचारण्याची चाचणी मानसशास्त्रज्ञाकडून करून घेता येते. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या चाचणीसंचातही ती आहे. सुधारणा आकड्यात दिसली की मुलांना हुरूप येतो.

अभ्यासिका_नवी_पेठ :
मी अभ्यासिका चालवतो, मुलांना गेली अनेक वर्षं जवळून बघतो. त्या महिन्याचं नियोजन सांगतो. पहिल्या आठवड्यात नवा विषय अजिबात काढायचा नाही. जुनं, पाठ असलेलं घ्यायचं, म्हणजे राज्यघटनाच. पुस्तक मिटून कलमं कागदावर लिहायची आणि मग पुस्तकाशी ताडून बघायची. नुसतं परत परत वाचल्याने आलं असं वाटतं, परीक्षेत येत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून रोज थोडं नवं, आणि तेच दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी न बघता लिहायचं. दुपारी तीन ते पाच चालू घडामोडी, त्यात लक्ष उडालं तरी चालतं. रात्री दहानंतर अभ्यास नाही, कारण ओढायची वेळ तीच होती. त्या वेळी तो कुठे आणि कुणाबरोबर असेल हे आधी ठरवा. आमच्याकडे सकाळी सहाची बॅच आहे आणि तिथली मुलं दहाला झोपतात. त्याला हवं असेल तर मला विपू (विचारपूस, म्हणजे निरोप) करा, जागा बघतो.